वसंतागमनापूर्वी दवाखान्याच्या आवाराची पूर्वतयारी

शिशिरात संचित झालेला कफ वसंतातील सूर्यकिरणांनी द्रवरूप होऊन प्रकुपित होतो, हे सूत्र प्रत्येक वैद्यास मुखोद्गत असते. त्यानुसार आपण रुग्णास लघु आहार सुचवितो, दिवास्वाप वर्ज्य करावयास सांगतो, वमनाचे नियोजन करतो. परंतु श्वास, प्रतिश्याय, कंडू यांनी पीडित असा रुग्ण ज्या आवारातून चालत आपल्यापर्यंत येतो, त्या आवाराची स्थिती काय असते, याचा विचार अभावानेच होतो. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी असेल, तर ती दवाखान्याच्या फाटकापासून सुरू व्हावयास हवी. प्रस्तुत लेखात दवाखाना व औषधालय यांची बाह्य बाजू, अंगण आणि वनौषधींचे वाफे यांच्या तयारीचा क्रम मांडीत आहोत.

कालविचार

शोधनाच्या दृष्टीने फाल्गुन व चैत्र हे वसंताचे मास मानले आहेत. सरत्या ऋतूचे अखेरचे ७ व येणाऱ्या ऋतूचे पहिले ७ असे १४ दिवस ऋतुसंधीचे होत. या काळात रुग्णाचे बल अस्थिर असते. म्हणून झाडझूड, भिंती खरवडणे, माती हलविणे ही धूळ उडविणारी कामे माघाच्या पूर्वार्धातच उरकावीत. ती सुटीच्या दिवशी, पाणी शिंपडून करावीत. ऋतुसंधीत केवळ हलकी कामे ठेवावीत.

भिंती व छप्पर

पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतींवरील शेवाळ व बुरशी शिशिरात वाळून तिची भुकटी हवेत मिसळते. अशा जागा ओल्या फडक्याने पुसून नंतर खरवडाव्यात व चुन्याची निवळी द्यावी. चुना क्षारधर्मी असल्याने बुरशीस प्रतिकूल ठरतो. पन्हळीत साचलेला पाला काढावा, तडे व फुटकी कौले यांची नोंद करून ठेवावी. प्रत्यक्ष कौले चाळण्याचे काम पावसाळ्यापूर्वी होईलच, परंतु गळतीच्या जागा आताच हेरल्यास औषधी कोठारातील चूर्णे व काष्ठौषधी वेळीच हलविता येतात. निर्मिती करणाऱ्या औषधालयांस शेड्यूल ‘टी’ अन्वये परिसर स्वच्छ ठेवणे व कीटक, उंदीर यांस अटकाव करणे बंधनकारक आहे. भिंतीलगतची बिळे, उघडी गटारे व अडगळ यांकडे त्या दृष्टीनेही पाहावे.

गाजर गवत

महाराष्ट्रातील आवारांचा हा मोठा शत्रू होय. १९५० च्या दशकात पुणे परिसरात नोंदले गेलेले हे तण आज सर्वदूर पसरले आहे. त्याच्या संपर्काने त्वचेचा दाह व कंडू उद्भवतात, परागांमुळे शिंका व श्वासाचे वेग वाढतात. कंडूचा जुनाट रुग्ण औषधाने उतरत नसेल, तर त्याच्या घराभोवतीच्या गाजर गवताची चौकशी अवश्य करावी. हे तण फुलण्यापूर्वी, जमीन ओलावून, मुळासह उपटावे. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा व तोंडावर फडके आवश्यक. त्वग्विकार किंवा श्वास असलेल्या व्यक्तीस हे काम देऊ नये. फुलावर आलेली झाडे खतात टाकू नयेत, कारण एकेका झाडापासून हजारो बिया होतात. मोकळ्या झालेल्या जागी पावसाच्या आरंभी टाकळ्याचे बी पेरावे. टाकळा गाजर गवतास दाबतो आणि चक्रमर्द म्हणून दद्रूच्या चिकित्सेत आपल्या उपयोगीही पडतो.

पालापाचोळा

पानगळीचा पाला पेटवून देण्याची रीत अद्याप सर्वत्र आढळते. धूम हा श्वासाचा प्रत्यक्ष हेतू असल्याने वैद्याच्या अंगणात तरी ही शेकोटी नसावी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास दंडाची तरतूद केली आहे. पाल्याचे शेणकाल्यासह थर रचून खत करावे, अथवा वाफ्यांवर त्याचे आच्छादन द्यावे. त्यामुळे उन्हाळ्यात मुळांशी ओल टिकते.

पाणी

कुंड्यांखालील ताटल्या, टाक्या, पक्ष्यांची भांडी यांत डेंग्यूचे डास अंडी घालतात. ही अंडी भांड्याच्या कडेस चिकटून कोरड्या अवस्थेतही दीर्घकाळ टिकतात. म्हणून पाणी केवळ ओतून न देता आठवड्यातून एकदा भांडे घासून कोरडे करावे.

वनौषधी : लागवड व संग्रहण

शाखा व पत्रे वर्षा किंवा वसंतात, मुळे ग्रीष्म किंवा शिशिरात, तर त्वचा, कंद व क्षीर शरदात घ्यावेत, असा चरकोक्त संकेत आहे. त्यानुसार शतावरीची मुळे शिशिराच्या अखेरीस काढावीत आणि रोपाचा जोम राखण्यासाठी काही मुळे जागीच ठेवावीत. अडुळसा व निर्गुंडी यांची जून, रोगट पाने छाटल्यास वसंतात कोवळी पालवी मिळते. पाने छायेत वाळवावीत. ज्या औषधालयांत आसवारिष्टे होतात, त्यांनी धायटीच्या बहराकडे लक्ष ठेवावे. संधानास लागणारी ही फुले वसंतातच मिळतात व वर्षभर पुरवावी लागतात. ती पूर्ण वाळवून, पावसाळ्याची ओल न लागेल अशी साठवावीत.

गुळवेलीसंबंधी विशेष दक्षता घ्यावी. तिच्यासारखी दिसणारी दुसरी जाती बाजारात व बागांत आढळते. तिच्या खोडावर दाट गाठी किंवा चामखिळीसारखे उंचवटे असतात. आयुष मंत्रालयानेही २०२२ मध्ये या दोहोंतील भेदाकडे लक्ष वेधले. शिशिरात पाने झडून खोड उघडे पडते, तेव्हा ही परीक्षा सुलभ होते. संशयास्पद वेल औषधासाठी वापरू नये, तिची छाट रुग्णांस लागवडीसाठीही देऊ नये. वैद्याने दिलेली वेल रुग्ण निःशंकपणे सेवन करतो, हे विसरता कामा नये.

उपसंहार

या सर्व कामांस फार मोठा खर्च नाही. नियोजन व सातत्य मात्र हवे. माघारंभी आवाराची एक फेरी मारून भिंत, तण, पाला, पाणी व वनौषधी या पाच मुद्द्यांची टिपणे करावीत आणि प्रत्येक काम एका व्यक्तीकडे सोपवावे. हीच यादी रुग्णांच्या हाती दिल्यास त्यांच्या घराची अंगणेही सुधारतील. ऋतुचर्येचा उपदेश करणाऱ्याचे आवारच ऋतूस सामोरे जाण्यास सिद्ध असले, तर त्या उपदेशास वेगळे बळ प्राप्त होते, असे आम्हांस वाटते.