‘मला दारूचा आजार होता’ : मोठी माणसे सांगतात तेव्हा

घरात कोणाला मधुमेह निघाला तर आपण तो लपवत नाही. चहाला आलेल्या पाहुण्यालाही ‘यांना बिनसाखरेचा’ असे सहज सांगतो. हृदयविकाराचा झटका आला तर गावभर विचारपूस होते. पण घरातला कर्ता माणूस दारूत अडकला की सर्वात आधी घराचे दार बंद होते. ‘त्यांचे पित्त वाढले आहे’, ‘ताप आहे’ असा निरोप ऑफिसात जातो. मुले मित्रांना घरी बोलावेनाशी होतात. पत्नी लग्नकार्याला एकटी जाऊन लवकर परतते. वास्तविक आळीतल्या प्रत्येकाला सगळे ठाऊक असते, पण कोणी बोलत नाही. या मुकाट्याने राहण्यात पाच-दहा वर्षे निघून जातात आणि आजार तेवढा मुरतो.

दारूने कोसळणारा माणूस आपल्याला चांगला ओळखीचा आहे. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मधला सुधाकर मराठी माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. पण दारूतून उठून पुन्हा उभा राहिलेला माणूस आपल्याला सहसा दिसत नाही. कारण पिणारा चौकात दिसतो; सोडलेला मात्र चारचौघांसारखा कामाला जातो आणि जुन्या गोष्टीबद्दल गप्प राहतो. त्यामुळे ‘एकदा लागली की सुटत नाही’ हा समज पक्का होतो. म्हणूनच नावाजलेली माणसे जेव्हा ‘मला हा आजार होता, मी उपचार घेतले’ असे जाहीरपणे सांगतात, तेव्हा त्याचे मोल मोठे असते. अशा काही हकिकती आणि त्यांतून आपण नेमके काय घ्यायचे, हे आज पाहू.

आजार कशाला म्हणायचे?

पिणारा प्रत्येक जण आजारी असतो असे नाही. पण पिण्याची अनावर ओढ, किती प्यायची यावरचा ताबा जाणे, न मिळाल्यास हात थरथरणे व घाम सुटणे, पूर्वीइतक्या दारूने भागेनासे होणे, इतर गोष्टींत मन न लागणे आणि नुकसान दिसत असूनही पीत राहणे, या सहापैकी तीन लक्षणे वर्षभरात एकत्र दिसली तर डॉक्टर त्याला मद्यावलंबन म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९२ च्या रोगवर्गीकरणात ही लक्षणे दिली आहेत. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात ‘मद्यपाश’ हा शब्द रूढ आहे. तो नेमका आहे, कारण पाश आवळत जातो आणि अडकलेल्याला तो एकट्याने सोडवता येत नाही.

राष्ट्राध्यक्षांच्या घरातली गोष्ट

बेटी फोर्ड या अमेरिकेचे ३८ वे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या पत्नी. मानेच्या शिरेच्या दुखण्यासाठी १९६४ पासून त्यांना वेदनाशामक गोळ्या चालू होत्या. त्याच्या जोडीला संध्याकाळचे मद्य आले. १९७७ मध्ये पतीचे पद गेले, घर शांत झाले, आणि गोळ्या व मद्य दोन्ही वाढले.

१९७८ च्या वसंतात मुलगी सुझन एका डॉक्टरांना घेऊन आईशी बोलायला गेली. आईने दोघांनाही घराबाहेर काढले. काही दिवसांनी, १ एप्रिल रोजी, सारे कुटुंब एकत्र बसले. पती, मुले, सून आणि सोबत डॉक्टर. कोणी शिव्याशाप दिले नाहीत, उपदेशही केला नाही. प्रत्येकाने आपल्याला लागलेली एकेक गोष्ट सांगितली. एका मुलाने सांगितले, की त्याने आईसाठी हौसेने जेवण केले होते, पण ती पेला सोडून टेबलावर आलीच नाही. सुनेने सांगितले, की आम्हाला मुले हवी आहेत आणि त्यांना धडधाकट आजी हवी आहे. बेटीबाई रडल्या, रागावल्या, पण उपचाराला तयार झाल्या. आठवडाभर वैद्यकीय देखरेखीखाली औषधे उतरवली गेली. मध्येच ८ एप्रिलला त्यांचा साठावा वाढदिवस झाला. त्यानंतर त्या लाँग बीच येथील नौदलाच्या रुग्णालयात दाखल झाल्या.

खरा धडा पुढे आहे. गोळ्यांची सवय त्यांनी मान्य केली, पण ‘दारू’ हा शब्द तोंडातून निघेना. पतीची अडचण होईल, ही सबब होती. त्यावर ‘माझी काही अडचण होत नाही’ असे स्वतः जेराल्ड फोर्ड यांनी सांगितले. तेव्हा कुठे बांध फुटला, आणि त्याच महिन्यात आपल्याला दारूचेही व्यसन असल्याचे त्यांनी वर्तमानपत्रांना कळवले. घराण्याच्या अब्रूसाठी लपवायचे, आणि ज्याच्या अब्रूसाठी लपवायचे त्याची हरकतच नसायची, असे आपल्याकडेही किती घरांत घडते!

पुढे १९८२ मध्ये त्यांच्या प्रयत्नांतून कॅलिफोर्नियात रँचो मिराज येथे ‘बेटी फोर्ड सेंटर’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. २०११ मध्ये ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. साठीला उपचार घेतलेल्या या बाईला त्यानंतर ३३ वर्षांचे आयुष्य मिळाले. ‘आता या वयात काय सुटणार?’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावा.

चंद्रावरून आलेला माणूस घसरतो

दुसरी हकिकत चंद्रावर पाऊल ठेवणारा दुसरा मानव बझ ऑल्ड्रिन यांची. १९६९ च्या त्या मोहिमेनंतर पुढे करायला काही उरले नाही असे वाटून ते नैराश्यात गेले आणि दारू वाढली. ८ मे १९७६ रोजी वॉशिंग्टनमध्ये ५२ नामवंत व प्रतिष्ठित व्यक्तींनी एकत्र येऊन ‘आम्हाला हा आजार होता, आम्ही बरे होत आहोत’ असे जाहीर केले. त्यांत ऑल्ड्रिन होते. पण गोष्ट तिथे संपली नाही. जाहीर सांगितल्यानंतरही ते पुन्हा प्यायले. त्यांची दारू कायमची सुटली ती ऑक्टोबर १९७८ मध्ये.

ही हकिकत मला पहिल्या गोष्टीपेक्षा जास्त उपयोगाची वाटते. कारण आपल्याकडे एकदा घसरला की ‘पाहिलंत? शेवटी दारुडा तो दारुडाच’ म्हणून घरचेही हात झटकतात. मधुमेह्याची साखर पुन्हा वाढली तर आपण त्याला घराबाहेर काढत नाही, डॉक्टरांकडे नेतो. दारूच्या आजारातही पुन्हा घसरण होणे हे वारंवार दिसते. त्याचा अर्थ उपचार फुकट गेले असा नाही. उपचारात कुठे कमी पडले ते पाहून पुन्हा सुरुवात करायची, असा आहे.

आपल्याकडचे आवाज

कवी-गीतकार जावेद अख्तर यांनी ३१ जुलै १९९१ रोजी दारू सोडली. ऐन तारुण्यात सुरू झालेल्या पिण्याने आयुष्याची किती वर्षे वाया गेली, हे त्यांनी अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे. सोडल्याची तारीख त्यांना तोंडपाठ आहे, यात नवल नाही. सोडलेला माणूस ती तारीख दुसऱ्या वाढदिवसासारखी जपतो.

अभिनेत्री पूजा भट यांनी २०१६ च्या अखेरीस दारू सोडली आणि त्याबद्दल मोकळेपणाने बोलल्या. पुरुषाला उघड पिता येते म्हणून उघड सावरताही येते. बाईला मात्र दोन्ही लपूनच करावे लागते, हे त्यांनी बोलून दाखवले. हे तंतोतंत खरे आहे. बाईचे व्यसन घरात शेवटपर्यंत झाकले जाते आणि ती उपचाराला फार उशिरा पोचते.

महाराष्ट्रात या कामाचे ठळक नाव म्हणजे पुण्याचे ‘मुक्तांगण’. डॉ. अनिल अवचट यांच्या गर्दवरच्या लेखनाने हादरलेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदत पुढे केली आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांच्या नेतृत्वाखाली हे केंद्र सुरू झाले. तिथल्या कार्यकर्त्यांत स्वतः व्यसनातून बाहेर आलेली माणसे आहेत. नव्याने दाखल झालेल्याला ‘मीही इथेच, असाच थरथरत आलो होतो’ असे सांगणारा माणूस समोर दिसतो. हा आधार औषधाच्या बाटलीत मिळत नाही. स्त्रियांसाठी तिथे ‘निशिगंध’ हा वेगळा विभागही आहे.

नाव न सांगताही सांगता येते

मग प्रत्येकाने चौकात उभे राहून सांगायचे का? मुळीच नाही. १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी एक शेअरदलाल आणि एक शल्यचिकित्सक, दोघेही मद्यपाशी, एकमेकांशी बोलून दारूपासून दूर राहू लागले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ही संघटना निघाली. वृत्तपत्रे, आकाशवाणी, चित्रपट यांच्यापुढे सदस्याने नाव उघड करू नये, ही तिची परंपरा आहे. यामागे शहाणपण आहे. नावाजलेला माणूस जाहीर सांगून पुन्हा घसरला तर लोकांचा उपचारावरचाच विश्वास उडतो, आणि टाळ्यांची नशाही चढू शकते. संस्थापक बिल विल्सन यांनी येल विद्यापीठाची मानद पदवीदेखील याच कारणाने नाकारली.

पण निनावी राहणे म्हणजे गप्प बसणे नव्हे. सभेच्या खोलीत प्रत्येक जण आपली कहाणी सांगतोच. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी, शाळेच्या वा चर्चच्या एखाद्या खोलीत, या सभा भरतात. त्यांना फी नसते. कुटुंबीयांसाठी ‘अल-अनॉन’च्या सभा असतात. जगाला सांगायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण कोणा एकाला तरी खरे सांगितल्यावाचून उपचार सुरू होत नाही.

गोष्टीत जे येत नाही

मोठ्यांच्या हकिकती वाचताना एक धोका आहे. ‘अमुक तारखेला सोडली, पुन्हा शिवली नाही’ हे एका ओळीत छान वाटते. ते वाचून रोज भरपूर पिणाऱ्याने उद्या सकाळपासून एकदम बंद केले तर जिवावर बेतू शकते. शेवटच्या पेल्यानंतर काही तासांत हात थरथरू लागतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो, नसलेली माणसे वा किडे दिसतात, ताप चढतो. ही तातडीने रुग्णालयात नेण्याची अवस्था आहे. तिला ‘भूतबाधा’ समजून वेळ घालवू नका. माळ घातली, देवापुढे शपथ घेतली, तर निश्चयाला जरूर बळ मिळते. पण पहिले काही दिवस डॉक्टरांच्या नजरेखालीच काढावेत. थरथर व फिट टाळणारी औषधे आणि थायामिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व त्या वेळी आवश्यक असते.

दुसरा धोका ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ या जाहिरातींचा. डायसल्फिरम नावाच्या औषधावर दारू प्यायल्यास चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. प्रसंगी मृत्यूही येतो. हे औषध रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यायचे असते. आमटीत कालवून नव्हे! जो आजार लपवण्याने वाढला, तो लपवून दिलेल्या औषधाने कसा बरा होणार? ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्झोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट यांसारखी औषधेही आता उपलब्ध आहेत. तीही मनोविकारतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

घरच्यांनी काय करावे?

फोर्ड कुटुंबाने केले ते आपल्या घरातही करता येते. प्यायलेला असताना वाद घालू नका. सकाळी, शुद्धीवर असताना बोला. ‘तुम्ही आमचे वाटोळे केले’ असे न म्हणता ‘परवा मुलीच्या शाळेत तुम्ही आला नाहीत, ती दाराशी वाट पाहत होती’ असे घडलेले सांगा. बोलण्यापूर्वीच डॉक्टर किंवा केंद्राची चौकशी करून ठेवा, म्हणजे होकार मिळताच त्याच दिवशी निघता येते. खोटे निरोप देणे आणि उधाऱ्या फेडणे थांबवा. पहिल्या वेळी नकार आला तर खचू नका. सुझनलाही आईने आधी घराबाहेरच काढले होते. मात्र घरात मारहाण होत असेल तर आधी स्वतःची व मुलांची सुरक्षितता पाहा.

आणि स्वतः पिणाऱ्या वाचकाने हे चार प्रश्न एकांतात स्वतःला विचारावेत :

१) पिणे कमी केले पाहिजे असे कधी वाटले का?
२) पिण्यावरून कोणी बोलले तर राग येतो का?
३) पिण्याबद्दल मनात अपराधी वाटते का?
४) सकाळी उठल्यावर हात स्थिर व्हावा किंवा उतारा म्हणून घेता का?

दोन किंवा अधिक उत्तरे ‘होय’ असतील तर डॉक्टरांना भेटा. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात चौकशी करता येते. राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाणीचा क्रमांक १४४४६ आणि ‘टेलिमानस’चा १४४१६ आहे. फोन केल्याचे शेजाऱ्यांना कळत नाही.

राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला जो शब्द उच्चारायला इतका वेळ लागला, तो आपल्याला पहिल्या दिवशी सहज जमेल अशी अपेक्षा नको. पण आज रात्री घरात कोणी तरी कोणाला तरी ‘हा आजार आहे, उद्या डॉक्टरांकडे जाऊ’ एवढे एक वाक्य म्हणाले, तरी या मोठ्या माणसांनी सांगितलेले कारणी लागले असे समजावे.