सामायिक समुद्र, सामायिक माप : बंगालच्या उपसागरातील शेजार-व्यापार

चेन्नईतील तिरुवल्लिकेणी हा भाग पार्थसारथी मंदिरासाठी आणि पूर्वेस पसरलेल्या मरीना किनाऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. अर्थव्यवहाराच्या अभ्यासकांना मात्र तो आणखी एका कारणाने परिचित आहे. १९०४ साली येथे ‘ट्रिप्लिकेन अर्बन को-ऑपरेटिव्ह सोसायटी’ स्थापन झाली. देशातील अगदी आरंभीच्या ग्राहक सहकारी भांडारांत तिची गणना होते. तिच्या उभारणीत येथील हिंदू हायस्कूलचे तत्कालीन मुख्याध्यापक व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांचा वाटा होता. हेच शास्त्री पुढे पुण्याच्या भारत सेवक समाजात दाखल झाले आणि १९१५ मध्ये नामदार गोखले यांच्या निधनानंतर समाजाचे अध्यक्ष झाले.

एका वस्तीतील शेजाऱ्यांनी एकत्र येऊन खरेदी करावी, हा सहकाराचा साधा विचार. याच किनाऱ्यापलीकडच्या देशांनी हाच विचार राष्ट्रांच्या पातळीवर आणण्याचा प्रयत्न चालविला आहे. तो कोठवर आला आणि सामान्य व्यापाऱ्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सात देशांचा गट

६ जून १९९७ रोजी बँकॉक येथे भारत, बांगलादेश, श्रीलंका व थायलंड या चार देशांनी आर्थिक सहकार्याचा गट स्थापन केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात म्यानमार आणि २००४ मध्ये नेपाळ व भूतान त्यात सामील झाले. हाच आजचा ‘बिमस्टेक’ होय. यांपैकी पाच देशांचे किनारे बंगालच्या उपसागराला किंवा त्याला लागून असलेल्या अंदमान समुद्राला भिडलेले आहेत. नेपाळ व भूतान यांना समुद्र नाही; पण तो गाठण्यासाठी त्यांना शेजाऱ्यांच्याच बंदरांचा आधार घ्यावा लागतो.

या देशांचे व्यापारी संबंध गटाहून फार जुने आहेत. तमिळ प्रदेशातील नाट्टुकोट्टै चेट्टियार सावकारांनी एकेकाळी ब्रह्मदेशातील इरावतीच्या खोऱ्यात भातशेतीला मोठ्या प्रमाणावर कर्जे पुरविली होती. दुसरे महायुद्ध आणि त्यानंतर १९६० च्या दशकात तेथे झालेले राष्ट्रीयीकरण यांमुळे ती पेढी-परंपरा खंडित झाली. समुद्र तोच राहिला. त्यावरील विश्वासाचे व्यवहार तुटले.

रखडलेला करार

८ फेब्रुवारी २००४ रोजी थायलंडमधील फुकेत येथे मुक्त व्यापार क्षेत्राच्या चौकट-करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. त्यानंतर वाटाघाटींच्या अनेक फेऱ्या झाल्या. परंतु एप्रिल २०२५ च्या बँकॉक शिखर परिषदेपर्यंतही अंतिम करार झालेला नव्हता. मतभेद प्रामुख्याने दोन बाबींत होते. कोणत्या वस्तू सवलतीतून वगळावयाच्या, ही पहिली; आणि एखादी वस्तू अमुक देशाची आहे असे केव्हा मानावयाचे, ही दुसरी.

याखेरीज एक व्यावहारिक कारणही आहे. या सहाही शेजाऱ्यांशी भारताची कोणती ना कोणती व्यापारी व्यवस्था आधीपासून अस्तित्वात आहे. श्रीलंकेशी १९९८ मध्ये झालेला करार १ मार्च २००० पासून अमलात आला. थायलंड व म्यानमार हे आसियानचे सदस्य असल्याने १ जानेवारी २०१० पासून लागू झालेल्या भारत–आसियान वस्तुव्यापार कराराच्या कक्षेत येतात. बांगलादेशासाठी साफ्टा, तर नेपाळ व भूतानसाठी स्वतंत्र द्विपक्षीय करार आहेत. वेगवेगळ्या दारांनी ये-जा चालू असली की सामायिक महाद्वार उभारण्याची निकड कोणालाच वाटत नाही. परिणामी, प्रत्येक दाराचे नियम मात्र व्यापाऱ्याला वेगवेगळे पाठ करावे लागतात.

गटाने अन्य बाबतीत काही पावले टाकली आहेत. मार्च २०२२ मध्ये कोलंबो येथे सनद स्वीकारण्यात आली व ती २० मे २०२४ पासून अमलात आली. २०२५ च्या बँकॉक परिषदेच्या निमित्ताने सागरी वाहतूक सहकार्याचा करारही झाला.

‘मूळ देश’ म्हणजे काय?

व्यापार करारातील सवलत मालाला मिळते ती तो कोणत्या बंदरातून निघाला यावरून नव्हे, तर तो कोणत्या देशात घडला यावरून. भारत–श्रीलंका कराराचे उदाहरण घेऊ. त्यातील सर्वसाधारण निकषानुसार निर्यात किमतीच्या किमान ३५ टक्के मूल्यवर्धन निर्यातदार देशात व्हावे लागते. आयात करणाऱ्या देशाचाच कच्चा माल वापरला असल्यास निर्यातदार देशातील मूल्यवर्धन २५ टक्के असले तरी चालते. मात्र दोहोंची बेरीज ३५ टक्क्यांहून कमी असता कामा नये.

समजा, श्रीलंकेत तयार झालेल्या वस्तूची निर्यात किंमत १०० रुपये आहे. त्यांपैकी ७० रुपयांचा कच्चा माल तिसऱ्या देशातून आला, तर स्थानिक मूल्यवर्धन ३० रुपयेच भरते व सवलत मिळत नाही. याउलट तिसऱ्या देशाचा माल ६३ रुपयांचा, भारताचा १० रुपयांचा आणि श्रीलंकेतील मूल्यवर्धन २७ रुपयांचे असेल, तर बेरीज ३७ होते आणि वस्तू पात्र ठरते. स्थानिक वाटा कमी असूनही सवलत मिळाली, ती शेजाऱ्याचा माल वापरल्यामुळे. शेजाऱ्यांनी परस्परांकडून खरेदी करावी, हे धोरण या गणितातच गुंफलेले आहे.

वनस्पती तुपाचा धडा

निकष केवळ कागदावर पुरा झाला म्हणजे हेतूही सफल होतो, असे नाही. श्रीलंकेत पामतेलावरील आयातशुल्क भारतातील शुल्काच्या तुलनेने पुष्कळ कमी होते. करार लागू झाल्यानंतर आग्नेय आशियातील पामतेल श्रीलंकेत आणावयाचे, त्याचे वनस्पती तूप करावयाचे आणि ते सवलतीच्या दराने भारतात पाठवावयाचे, असा उद्योग तेथे उभा राहिला. त्यात भारतीय भांडवलही होते. येथील उत्पादकांनी तक्रारी केल्या, भारताने आयातीच्या परिमाणावर मर्यादा घातली आणि केवळ शुल्कातील फरकावर विसंबलेले ते कारखाने अडचणीत आले. यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे : ज्या धंद्याचा नफा केवळ दोन देशांच्या दरपत्रकांतील फटीतून येतो, त्याचा पाया फट बुजताच खचतो.

याउलट, डाळींचा व्यापार खऱ्या गरजेवर उभा आहे. तिरुवल्लिकेणीच्या खाणावळीतील इडली-डोशाला लागणारा उडीद आणि महाराष्ट्राच्या वरणातील तूर यांची देशांतर्गत उणीव भरून काढण्यात म्यानमारचा वाटा मोठा आहे. चेन्नई हे तेथील उडदाच्या आयातीचे एक प्रमुख बंदर. २०२१ साली भारताने २०२१–२२ पासून पाच वर्षे म्यानमारमधून दरसाल अडीच लाख टन उडीद व एक लाख टन तूर यांच्या आयातीचा सामंजस्य करार केला. मागणीची अशी पूर्वकल्पना असली म्हणजे पेरणी करणाऱ्या तेथील शेतकऱ्याला व येथील व्यापाऱ्याला दोघांनाही आधार लाभतो.

ग्राहकांनी लक्षात घ्यावयाच्या बाबी

१) सौदा ठरविण्यापूर्वी आपली वस्तू कोणत्या करारात बसते व वगळलेल्या वस्तूंच्या यादीत आहे काय, हे तपासावे. एकाच देशाला दोन करार लागू असल्यास दर व निकष यांची तुलना करावी.

२) केवळ मूळ देशाचे प्रमाणपत्र हाती असणे पुरेसे नाही. २१ सप्टेंबर २०२० पासून लागू झालेल्या सीमाशुल्क नियमांनुसार माल निकषात कसा बसतो याची माहिती आयातदाराने स्वतः बाळगावी लागते आणि ती पाच वर्षे जपून ठेवावी लागते.

३) पतपत्राच्या व्यवहारात बँक दस्तऐवज तपासते, माल नव्हे. प्रमाणपत्र वरकरणी अटींप्रमाणे असेल, तर रक्कम अदा होते. पुढे सीमाशुल्क खात्याने सवलत नाकारल्यास फरकाचा भार आयातदारावरच पडतो. म्हणून अशा प्रसंगी जबाबदारी कोणाची, हे विक्रेत्याशी करावयाच्या करारनाम्यात आधीच नमूद करावे.

४) सवलत न मिळाल्यास सौदा परवडतो काय, हे गणित एकदा मांडून पाहावे.

समारोप

ग्राहक भांडाराचे यश सभासदांच्या संख्येवर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक तागडीवरील विश्वासावर असते. मूळ देशाचे नियम, वगळलेल्या वस्तूंच्या याद्या व सीमाशुल्काची कागदपत्रे ही सात देशांच्या बाजाराची तागडी आहे. आज ती प्रत्येक दारी निराळी आहे. मोठ्या राष्ट्रांना हा निराळेपणा सोसतो. महिन्याला एखाद-दुसरा कंटेनर मागविणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला तो जड जातो. बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांनी हे माप एक केले, तर त्याचा पहिला लाभ या छोट्या व्यापाऱ्यालाच होईल. तोवर प्रत्येक दाराचे माप नीट जाणून घेऊनच पाऊल टाकणे, हेच शहाणपणाचे ठरेल.