आजाराची रजा आणि पेढीतील मनोमालिन्य

पेढीस तोटा कोठून येतो असे कोणी विचारले, तर आपण व्यापारी लोक चार ठिकाणे तत्काळ दाखवू: बुडीत उधारी, पडून राहिलेला माल, वाढते व्याज आणि वाहतुकीतील तूट. या प्रत्येकाचे खतावणीत स्वतंत्र खाते असते. परंतु एक तोटा असा आहे की, त्याचे खाते कोणत्याच वहीत उघडलेले नसते आणि म्हणूनच तो वर्षानुवर्षे नकळत वाढत जातो. शेजारी शेजारी बसून काम करणाऱ्या माणसांची मने एकमेकांविषयी कडू होणे, हा तो तोटा होय. त्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एकच आज आम्ही अभ्यासासाठी घेतले आहे. ते म्हणजे एखाद्या सहकाऱ्याने आजारपणामुळे वारंवार घेतलेली रजा.

विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. मोठ्या कारखान्यात शंभरांतील एक माणूस आला नाही, तर काम थांबत नाही. पण आपल्या दुकानांत मुळात माणसेच चार-पाच. त्यांतील एक घरी राहिला की त्याचे काम उरलेल्यांच्या पाठीवर येते, आणि ते कोणामुळे आले हे प्रत्येकास दिसते. लहान पेढीत माणसे जितकी जवळ असतात, तितका रागही जवळचा असतो.

एक उदाहरण

उदाहरणासाठी दुसऱ्याच्या दुकानात डोकावण्याचे कारण नाही; आमच्याच दुकानातील सांगतो. आमचा धंदा किराणा व भुसार मालाचा. एक वृद्ध दिवाणजी, दोन हिशेबनीस, एक वसुलीवर जाणारा आणि एक गोदाम सांभाळणारा, इतका आमचा परिवार. दोघा हिशेबनिसांपैकी धाकटा कामात चोख होता, अक्षर मोत्यासारखे, संगणकावरही हात चांगला. परंतु दर महिन्यास एक-दोन दिवस त्याच्या घरून निरोप येई, ‘आज बरे नाही.’ दुसऱ्या दिवशी तो हजर होई, आणि चेहऱ्यावर आजाराची खूण म्हणून काही दिसत नसे.

त्यातून रजेचे दिवस असे पडत की संशय यावा. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला, तेव्हापासून आपल्या सर्वांच्या महिन्याची घडीच बदलली आहे. दरमहा विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्यास मागील महिन्याच्या विक्रीचे विवरण ११ तारखेपर्यंत आणि कराच्या भरण्याचे विवरण २० तारखेपर्यंत द्यावे लागते. त्याआधीचे दोन-तीन दिवस दुकानात रात्री उशिरापर्यंत दिवे असतात. आणि नेमक्या १० किंवा ११ तारखेस धाकट्याचा निरोप येई. थोरला हिशेबनीस मग एकटाच बिले जुळवीत बसे.

प्रथम कुजबुज झाली, नंतर टोमणे सुरू झाले. एकदा वसुलीचा माणूस आमच्यासमोरच म्हणाला, “शेठजी, याच्या डोक्याला पंचांग बरे कळते, तारीख पाहून दुखते.” सर्व हसले. आम्हीही हसलो. धाकटा खाली मान घालून बिले लावीत होता.

त्या हसण्याची किंमत पुढे मोजावी लागली. त्यानंतर तीन महिने त्याने एकही रजा घेतली नाही. आम्हांस वाटले, औषध लागू पडले. प्रत्यक्षात तो ठणकत्या डोक्याने, गोळ्या गिळून, दुकानात बसत होता. अशाच एका दिवशी त्याने एका जुन्या गिऱ्हाइकाची जमा रक्कम दुसऱ्याच नावाच्या खात्यात मांडली. वसुलीचा माणूस त्या गिऱ्हाइकाकडे फेडलेल्या पैशांसाठी पुन्हा गेला. वीस वर्षांचा संबंध; ते गृहस्थ दुकानात येऊन एवढेच म्हणाले, “आता आमच्यावर विश्वास उरला नाही काय?” चूक दुरुस्त झाली, पण त्या शब्दांची दुरुस्ती करणे आम्हांस जमले नाही.

आजार न दिसणारा असतो तेव्हा

त्या दिवशी आम्ही धाकट्यास आत बोलावून, दार लोटून, शांतपणे विचारले. तेव्हा कळले की त्यास अर्धशिशीचा विकार आहे. नाव आपण सर्वांनी ऐकलेले असते. विकार मात्र थोड्यांनाच ठाऊक असतो. ही साधी डोकेदुखी नव्हे. बहुधा डोक्याच्या एका बाजूस ठणका लागतो, मळमळते, उजेड आणि आवाज सहन होत नाही. उपचार न झाल्यास हा झटका ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत टिकू शकतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो अधिक आढळतो. आणि झटका ओसरला की माणूस पुन्हा चारचौघांसारखा हिंडूफिरू लागतो. काल रजेवर असलेला आज बाजारात भाजी घेताना दिसतो, यात लबाडी नसून विकाराचे स्वरूपच तसे आहे.

आता तारखेचे कोडे पाहा. अपुरी झोप, जेवणाची टळलेली वेळ, मनावरील ताण, डोळ्यांवर येणारा प्रखर प्रकाश, ही अनेकांमध्ये हा झटका आणणारी कारणे आहेत. विवरण भरण्याच्या आधीच्या रात्री आमच्या दुकानात नेमके काय घडत होते? रात्री अकरापर्यंत जागरण, डबा तसाच पडलेला, संगणकाच्या पडद्याकडे लागलेली नजर आणि उशीर झाल्यास भराव्या लागणाऱ्या शुल्काची धास्ती. म्हणजे काम वाढले म्हणून तो आजारी पडण्याचे सोंग करीत नव्हता. काम ज्या रीतीने वाढे, त्या रीतीनेच तो आजारी पडत होता. ज्या गोष्टीस सर्वांनी लबाडीचा पुरावा मानले, ती त्या विकाराची साक्ष होती.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांकडून कळली, ती सर्वांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. साध्या वेदनाशामक गोळ्याही महिन्यातून १५ वा अधिक दिवस अशा काही महिने घेत राहिल्यास त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी वाढू शकते. टोमण्यांच्या भीतीने रजा टाळणारा माणूस नेमके हेच करतो. दुखणे लपविण्याचा उपाय दुखणेच वाढवितो.

राग कोणावर आणि कशाचा?

येथवर वाचून कोणी म्हणेल की थोरला हिशेबनीस निष्ठुर होता. हा निष्कर्ष अन्यायाचा ठरेल. आम्ही त्यासही स्वतंत्र बोलावले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “त्याला आजार आहे हे मला आज कळले. पण शेठजी, त्याच्या रजेच्या दिवशी मी रात्री किती वाजता घरी गेलो, हे मला आजवर कोणी विचारले नाही.”

त्याच्या बोलण्यावर आम्ही हजेरीपुस्तक काढले. वर्षभरात धाकट्याच्या रजा १९. त्यांची नोंद होती, तांबड्या शाईत. पण त्या दिवसांत थोरल्याने केलेल्या जादा कामाची नोंद कोठेच नव्हती. त्याच्या आठवणीवरून आणि संगणकातील वेळांवरून हिशेब केला, तेव्हा ते काम सुमारे ४० तास भरले. दिवसाचे ८ तास धरले तर पूर्ण पाच दिवसांचे काम त्याने पेढीस उधार दिले होते. आपण व्यापारी आहोत. उधार घेऊन वहीत न मांडणे यास काय म्हणतात, हे आपणांस सांगणे नको.

या विषयाचे वर्म आमच्या मते येथे आहे. रजा आजारी माणूस घेतो. परंतु त्याच्या कामाचे ओझे कोणी आणि कोणत्या मोबदल्यात उचलावयाचे, हे ठरविणे मालकाचे काम असते. मालकाने ते ठरविले नाही, तर ओझे आपोआप सर्वांत प्रामाणिक माणसाच्या खांद्यावर जाऊन पडते. मग त्या खांद्याचा राग मालकावर निघू शकत नाही, कारण मालकाकडून पगार मिळतो. तो निघतो बिछान्यावर पडलेल्या सहकाऱ्यावर. पेढीचे देणे असे एका नोकराच्या नावे पडते आणि दुसरा नोकर ते टोमण्यांनी वसूल करू लागतो. मालक मात्र बाजूस उभा राहून हसतो, जसे आम्ही हसलो.

कायदा काय सांगतो

आजाराची रजा ही मालकाची मेहेरबानी आहे, हा समज अद्याप पुष्कळांच्या मनात आहे. तो सोडला पाहिजे. आमच्या बेळगाव भागास लागू असलेल्या कर्नाटकाच्या १९६१ च्या दुकाने व व्यापारी संस्था कायद्यात आजार, अपघात वा इतर सबळ कारणासाठी वर्षास १२ दिवसांपर्यंत पगारी रजेची तरतूद आहे. वार्षिक हक्काची रजा याहून निराळी. गोवा, मध्य प्रदेश, गुजरात वा तेलंगणातील आमच्या बांधवांनी आपापल्या राज्याचा कायदा पाहून घ्यावा.

१० वा अधिक माणसे असलेल्या पेढ्यांचा संबंध राज्य विमा योजनेशीही येतो. १९४८ च्या कायद्याने उभी राहिलेली आणि पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झालेली ही योजना दीर्घ आजारात विमेदार कामगारास, वर्गणीच्या अटी पूर्ण असल्यास, सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षात ९१ दिवसांपर्यंत देते. परंतु आमच्यासारखी पाच माणसांची दुकाने तिच्या कक्षेबाहेर राहतात. त्यामुळे १९ पैकी १२ दिवसांचा प्रश्न कायद्याने सोडविला, तरी उरलेल्या सात दिवसांचा प्रश्न आम्हांसच सोडवावयाचा होता.

आम्ही केलेली व्यवस्था

प्रथम, हजेरीपुस्तकात आम्ही एक नवे सदर आखले. रजेवर कोण, याच्या शेजारीच ‘त्याचे काम कोणी केले व किती वेळ’ हे लिहावयाचे. या तासांबद्दल जादा वेतन किंवा बदली रजा, यांपैकी जे हवे ते काम करणाऱ्याने निवडावे. थोरल्याने मागील पाच दिवसांची रजा घेतली आणि मुलीला भेटून आला.

दुसरे, बिले जुळविण्याचे काम महिनाअखेरीपर्यंत साठवून ठेवणे बंद केले. आता ती आठवड्यास एकदा जुळविली जातात आणि ८ तारखेस विवरण तयार असते. रात्रीची जागरणे संपली. धाकट्याचे झटके पूर्ण थांबले नाहीत, पण कमी झाले. आणि दिवाणजींची पाठही कमी दुखते, असे ते सांगतात.

तिसरे, प्रत्येक कामाची किल्ली दोघांजवळ असावी असा नियम केला. वसुलीच्या माणसास पावत्या मांडणे शिकविले. त्यास हे काम करावे लागले, तेव्हापासून तारखेचा विनोद त्याने पुन्हा केला नाही.

चौथे, आजाराचे नाव सर्वांना सांगावे की नाही, हे आजारी माणसाने ठरवावे. दोन दिवसांहून अधिक रजा झाल्यास डॉक्टरांचा दाखला मालकाकडे द्यावा. तो मालकाच्या कपाटात राहील. धाकट्याने आपण होऊन थोरल्यास सांगितले, ही त्याची इच्छा.

खोटी रजा घेणारे नसतातच, असे आमचे म्हणणे नाही. असा संशय आल्यास मालकाने एकांतात विचारावे, दाखला मागावा आणि नियम सर्वांना सारखा लावावा. परंतु न्यायनिवाड्याचे काम सहकाऱ्यांच्या टोमण्यांवर कधीही सोपवू नये. टोमणा लबाड माणसास लागत नाही. तो लाजऱ्या आणि प्रामाणिक माणसासच लागतो.

दोघे हिशेबनीस आज जिवलग मित्र झाले आहेत, असे आम्ही लिहिणार नाही. तसे घडलेले नाही. कामापुरते बोलतात, एकमेकांचा चहा मागवितात. परंतु पूर्वीची कुजबुज उरलेली नाही.

विचारार्थ प्रश्न

वाचकांनी हा अंक बाजूस ठेवण्यापूर्वी आपल्या पेढीचे हजेरीपुस्तक उघडावे आणि तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. गेल्या वर्षात कोण किती दिवस आजारी होते? त्या प्रत्येक दिवशी त्यांचे काम कोणी केले? आणि त्या माणसास आपण काय दिले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांजवळ तयार असेल. दुसरे आठवावे लागेल. तिसऱ्या प्रश्नापुढे जागा कोरी राहिली, तर पेढीच्या नावे किती देणे आहे ते तेथे मांडावे आणि नव्या वर्षाची वही घालण्यापूर्वी ते चुकते करावे.