बागेतला फोटो आणि आठवणीचं लेखन

लहानपणावर ललित लिहायचं म्हटलं की आपण आधी जुना अल्बम काढतो. त्यात बागेतला एखादा फोटो असतोच. पण त्या बागेतलं जे आठवतं, ते खरंच आठवतं की फोटो पाहून पाहून पाठ झालेलं असतं? या प्रश्नाच्या अभ्यासासाठी रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाचं उदाहरण घेऊ.

१९७७ साली बार्थची आई गेली. तो तिचे फोटो चाळत बसला. चेहरा तिचाच, पण 'ती' काही सापडेना. शेवटी सापडली १८९८च्या फोटोत. आई पाच वर्षांची, भाऊ सात वर्षांचा. काचेच्या छपराखालच्या बागेत, छोट्या लाकडी पुलाच्या टोकाशी दोघं उभी. आजारपणात त्यानं आईला लेकरासारखं सांभाळलं होतं. म्हणून ही कधी न पाहिलेली मुलगी त्याला ओळखीची वाटली.

त्याचं 'कॅमेरा ल्युसिडा' (१९८०) या फोटोभोवती उभं आहे. गंमत बघा, पुस्तकात इतर फोटो आहेत, हाच नाही! परक्याला तो चारचौघांसारखाच वाटला असता.

दोन संज्ञा

स्टुडियम : फोटोतलं सगळ्यांना कळणारं. मुंबईच्या कमला नेहरू पार्कात म्हातारीच्या बुटाजवळ काढलेले फोटो घरोघरी सारखेच दिसतात, ते यामुळे.

पंक्टम : एखाद्यालाच टोचणारा बारीक तपशील. उसवलेली बाही, घट्ट धरलेलं बोट.

आपल्याकडे लावून पाहू

बालाघाट जिल्ह्यातलं लामता घ्या. बालाघाट-नैनपूर रेल्वेमार्गावरचं गाव. अशा गावात बाग म्हणजे घरामागची बाडी : वालाचा मांडव, भोपळ्याचा वेल, पेरूचं झाड. समजा, तिथला तुमचा लहानपणचा फोटो हाती आहे. 'मी पेरूखाली उभा आहे' एवढंच लिहिलं, तर फोटोनं सांगितलेलंच पुन्हा सांगितलं. फोटोत काय आलं नाही? अडीच फुटी रुळांवरून जाणाऱ्या छोट्या गाडीची शिट्टी. आता तिथं ब्रॉडगेज आहे. ती शिट्टी ऐकणाऱ्यांच्या कानातच उरली. आणि फोटो काढणारा? तो चौकटीत नसतो, पण लेकरू बघत असतं त्याच्याकडेच.

सराव

१. फोटो दहा मिनिटं नीट पाहा. मग पालथा ठेवा आणि लिहा.

२. टोचणारा एकच तपशील निवडा. का टोचतो, ते लगेच सांगू नका.

३. फोटो कोणी काढला, त्या दिवशी घरात काय चाललं होतं, हे आईला, आजीला विचारा. तिचे शब्द तसेच ठेवा. 'बाडी'ची 'परसबाग' करू नका.

तिसरं काम आधी करा. फोटो कपाटात राहील; सांगणारं माणूस राहीलच असं नाही.

आणि हो, लेख मंडळाकडे देताना फोटो जोडू नका. तो आम्हाला तुमच्या शब्दांतून दिसला पाहिजे.