बाळंतिणीचं बीपी माहेरी कोण बघणार?

गरोदरपणात वाढलेलं बीपी बाळ झालं की आपोआप उतरतं, अशी घरोघरी समजूत आहे. शेवटी ते बहुतेकींचं उतरतंही, पण त्याआधी ते चढतं, साधारण बाळंतपणानंतरच्या तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत. नैसर्गिक प्रसूती झालेल्या बाईला तर दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. म्हणजे सगळ्यात जोखमीचे दिवस नेमके दवाखान्याबाहेर जातात, आणि आपल्याकडे ते बरेचदा माहेरी जातात. नऊ महिने तपासणारे डॉक्टर एका गावात, फाइल सासरी कपाटात आणि बाळंतीण तिसरीकडे. डोकं दुखतंय म्हणाली तर जागरण झालं असेल, वारा लागला असेल, कान बांधून पड, असं सांगितलं जातं. बीपीमुळे येणारे झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात, हे त्या घरात कोणाला माहीत नसतं. घरी बीपी मोजून आकडा दूरच्या डॉक्टरांना कळवण्याची सोय इथे खरोखर उपयोगाची आहे, पण एका अटीवर: त्या आकड्याला उत्तर देणारं कोणीतरी पलीकडे असलं पाहिजे.

ही अट संशोधनातून आली आहे. ब्रिटनमध्ये बीपी वाढण्याचा धोका जास्त असलेल्या सुमारे 2,400 गर्भवतींवर झालेला ‘बम्प’ हा अभ्यास 2022 साली प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना नेहमीच्या तपासण्यांबरोबर घरी मोजायला यंत्र दिलं होतं. तरी दवाखान्यात निदान होण्याची वेळ काही अलीकडे आली नाही. दूरदेखरेखीवर आक्षेप घेणारे हा दाखला देतात आणि तो खराच आहे. मात्र त्या बायकांची दवाखान्यातली तपासणी मुळातच वरचेवर होत होती, आणि घरचा आकडा वाढला म्हणून निदान आपोआप बदलत नव्हतं. आता अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा 2018 चा अभ्यास बघा. बीपी असलेल्या 206 बाळंतिणींपैकी निम्म्यांना तपासणीला या असं सांगितलं, निम्म्यांना यंत्र देऊन साध्या मेसेजवर आकडे मागवले, प्रत्येक आकड्याला लगेच उत्तर दिलं आणि आकडा फार वर गेला तर डॉक्टरांनी दखल घेतली. पहिल्या दहा दिवसांत पहिल्या गटातल्या 44 टक्के बायकांचंच बीपी नोंदवलं गेलं, दुसऱ्या गटात 92 टक्क्यांचं. ऑक्सफर्डला 220 बाळंतिणींपैकी साधारण निम्म्यांच्या घरच्या आकड्यांवरून डॉक्टर गोळ्यांचा डोस कमीजास्त करत गेले, तेव्हा सुमारे नऊ महिन्यांनंतरही त्यांचं बीपी इतरांपेक्षा कमी होतं. मला तरी यातला धडा स्पष्ट दिसतो. मोजणं आणि उपचार यांची जिथे गाठ बांधली, तिथे फायदा झाला.

हे समजायला ऑक्सफर्डपर्यंत जायचीही गरज नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत केलेला नवजात बाळांचा प्रयोग 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी उतरला होता. गावातलीच आरोग्यदूत बाळाचं वजन, ताप, श्वास मोजत होती आणि जंतुसंसर्ग दिसला तर तिथल्या तिथे उपचार सुरू करत होती. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी येतात, त्या योजनेचं मूळ तिथेच आहे. याउलट बाळाच्या पायात घालायचे महागडे ‘स्मार्ट’ मोजे घ्या. झोपेत होणारे अचानक मृत्यू टाळण्यासाठी अशा यंत्रांवर विसंबू नका, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेच बजावलं आहे. गर्भाचे ठोके घरी ऐकायचं यंत्र तर मी घेऊच नका म्हणेन. बाळाची हालचाल कमी झाली असताना ठोके ऐकून निर्धास्त बसणं घातक आहे.

यंत्र शिकलेल्यांचं, मोबाइल असलेल्यांचं, असा आणखी एक आक्षेप असतो. पेनसिल्व्हेनियात उलटं दिसलं. प्रत्यक्ष तपासणीला येण्यात कृष्णवर्णीय बायका फार मागे होत्या, मेसेजवर तो फरक जवळजवळ पुसला गेला. ज्यांना दवाखान्यात जायला सोबत, गाडीभाडं आणि घरच्यांची परवानगी लागते, त्यांचाच फेरा वाचतो. सतत मोजून जिवाला घोर लागेल, हे म्हणणं मात्र मी अर्धं मान्य करते. दिवसातून दोनदा पुरे, दर तासाला नको.

तेव्हा गरोदरपणात बीपी वाढलं असेल तर सुट्टी मिळण्याआधीच विचारून घ्या: आकडा कोणत्या नंबरवर कळवायचा, रात्री कोण उत्तर देईल, किती झालं तर गोळी बदलायची? फाइलचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. यंत्र दंडावर बांधायचं घ्या, मनगटावरचं नको, आणि गर्भवतींसाठी तपासून प्रमाणित केलेलं आहे का ते पाहा. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसा आणि मग दोनदा मोजा. दूध पाजताय म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका. निफेडिपिन, लॅबेटॅलॉल, एनालाप्रिल या नेहमीच्या गोळ्या पाजणाऱ्या आईला सहसा चालतात. 140/90 किंवा वर दिसलं तर त्याच दिवशी कळवा. 160/110 पर्यंत गेलं, किंवा डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, बरगड्यांखाली दुखतंय, दम लागतोय, तर मेसेजच्या उत्तराची वाट न बघता 108 ला फोन करून दवाखाना गाठा. तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा की बाळंतपण होऊन इतकेच दिवस झालेत, कारण नुसतं बीपी वाढलंय म्हटलं तर समोरच्याच्या ते लक्षात येईलच असं नाही.