खाडीतील कयाक-विहार आणि भरती-ओहोटीचे गणित

मालवण तालुक्यातील देवबाग हे गाव अरबी समुद्र व कर्ली नदीची खाडी यांच्यामधील वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावर वसलेले आहे. येथील खाडीत पाहुणे कयाक या हलक्या होडीतून विहार करतात. घरी पाहुणे ठेवणाऱ्या खाडीकाठच्या बागायतदारासही हा जोडधंदा करण्याजोगा आहे. मात्र पाहुण्याच्या जिवाची जबाबदारी त्याच्यावर येते.

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची शिकारीची होडी होय. दोन्ही टोकांना पाते असलेल्या एकाच वल्ह्याने ती चालते व उथळ पाण्यात कांदळवनाच्या कडेनेही सहज जाते. परंतु ओहोटीच्या ओढीपुढे नवशिक्याचे बळ टिकत नाही. खाडीच्या मुखाशी ही ओढ होडीस थेट समुद्राकडे नेते. म्हणून विहाराची वेळ पाहुण्याच्या सवडीने नव्हे, तर पाण्याच्या सवडीने ठरवावी.

कोकणात त्यासाठी जुना हिशेब आहे. तिथीच्या अंकास ३ ने गुणून ४ ने भागल्यास पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. उदाहरणार्थ, द्वादशीस १२ × ३ ÷ ४ = ९, म्हणजे सकाळी व रात्री सुमारे ९ वाजता. यात तासाभराचा फरक पडू शकतो. खाडीत आत जावे तशी भरती उशिरा पोहोचते. यास्तव छापील कोष्टक पाहावे व स्थानिक मच्छीमारांस विचारावे.

भरती-ओहोटीस प्रत्येकी सुमारे सहा तास लागतात. त्यांपैकी तिसऱ्या व चौथ्या तासांत मिळून जवळजवळ निम्मे पाणी चढते वा उतरते. तेव्हा ओढ सर्वाधिक असते. म्हणून द्वादशीस सकाळी ७ वाजता निघून भरतीबरोबर आत जावे, ९ वाजता परतावे व १० पर्यंत काठास लागावे. उशीर झाल्यास ओढ वाढते, पुढे चिखल उघडा पडून होडी रुतते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ अधिक असल्याने नवशिक्यांस नेऊ नये. दुपारी समुद्रावरून येणारा वारा ओहोटीच्या उलट वाहून लाटा उठवितो. पावसाळ्यात विहार पूर्ण बंद ठेवावा.

प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट घालावे. पोहता येणे हा त्यास पर्याय नव्हे. सोबत माहीतगार माणूस दुसऱ्या होडीत असावा. होडी खारबंधाऱ्यावर ओढू नये. बांध ढासळल्यास खारे पाणी शेतात शिरून भातपीक जाते.

तिथी, वारा व परतीची वेळ या तिन्ही गोष्टी पाहिल्याखेरीज होडी पाण्यात लोटू नये.