उजेड चेहऱ्यापाशी मोज

फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून स्टँडवर लावलास की पहिली गोष्ट ही कर, पोरी: लाइट मीटर घेऊन माणसापाशी जा. कॅमेऱ्यापाशी उभं राहून अंदाज बांधू नकोस. टीटीएलवर, म्हणजे ऑटोवर, ठेवलं तरी कॅमेरा शेवटी परत आलेला उजेड बघूनच ठरवतो. समोर नवरदेवाची पांढरी शेरवानी आली की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फ्लॅश कमी करतो. काळा ब्लेझर आला की उलट. शेरवानी आणि ब्लेझर शेजारी उभे असले तर काय होईल, याचा भरवसा नाही. मीटरच्या पांढऱ्या डोमला कपड्यांचं देणंघेणं नसतं. चेहऱ्यावर किती उजेड पडला तेवढंच तो सांगतो.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगतोय, ते ऐक. आपल्याकडच्या लग्नाच्या अल्बममध्ये सगळ्यात जास्त अन्याय सावळ्या माणसांवर होतो. चेहरा जवळून घेतला तर कॅमेरा सावळा रंग करड्याकडे ओढून फिका करतो. तोच माणूस पांढऱ्या कपड्यांच्या घोळक्यात उभा राहिला तर काळवंडून जातो. मग कॉम्प्युटरवर सगळ्यांना एकाच पिठात घोळवल्यासारखं गोरं केलं जातं. नवरी गोरी, नवरा सावळा, आजी काळीसावळी असली तरी तिघांवर पडणारा उजेड सारखाच असतो. तो नीट मोजलास तर तिघंही आपापल्या रंगात येतात. घरच्या माणसांना फोटोत आपलं माणूस दिसलं पाहिजे. मीटरवर पैसे घालायचे ते यासाठी.

आता मोजायचं कसं ते. फ्लॅश मॅन्युअलवर ठेव. टीटीएलवर असला तर खऱ्या फ्लॅशआधी एक छोटी चमक येते, आणि मीटर तीच पकडून बसतो. मीटरवर आयएसओ आणि शटर कॅमेऱ्यावर आहे तेच लाव. शटर सिंक स्पीडच्या आत हवं. बहुतेक कॅमेऱ्यांचा सिंक स्पीड १/२०० किंवा १/२५० असतो, पण ट्रिगर लावून वापरताना मी १/१६० च्या वर जात नाही. मीटर वायरशिवाय फ्लॅश मोजण्याच्या मोडवर घे, बटण दाब, म्हणजे तो वाट बघत राहतो. मग ट्रिगरचं टेस्ट बटण दाब. डोम हनुवटीखाली, कॅमेऱ्याकडे तोंड करून. तुझ्या हाताची किंवा डोक्याची सावली त्यावर पडू देऊ नकोस, आणि पांढरा शर्ट घालून त्याला खेटून उभी राहू नकोस. आकडा ५.६ आणि शेजारी बारीक ७ आला, तर ५.६ च्या पुढे स्टॉपचे सात दशांश. कॅमेऱ्यावर ७.१ लाव. रीडिंग नेहमी दोनदा घे. हॉलमध्ये व्हिडिओवाला असतो, दुसरा फोटोग्राफर असतो, पाहुण्यांचे कॅमेरे असतात. त्यातल्या कुणाचा फ्लॅश मध्येच उडाला तर मीटर तोच आकडा दाखवतो. दोन आकडे जुळले तर पुढे जा.

प्रत्येक लाइटचा वेगळा हिशेब बघायचा असेल तर बाकीचे बंद कर, डोम आत बसवता येत असेल तर बसव आणि त्याच लाइटकडे वळव. मेन लाइट ८ आणि फिल ५.६ म्हणजे एका स्टॉपचा फरक. नवरीच्या पोर्ट्रेटला मी याच्या पुढे जात नाही, नाहीतर नथीची सावली ओठावर काळी पडते. गौतम राजाध्यक्षांचं ‘चेहरे’ वाचनालयात मिळालं तर घेऊन बस, आणि गालावरून उजेड कसा उतरत जातो ते बघ.

अंतरपाटाचं मात्र नीट लक्षात ठेव. मंगलाष्टकं सुरू झाली की दोघांच्या मध्ये पांढरं कापड असतं. ज्या बाजूला फ्लॅश आहे त्या बाजूच्या चेहऱ्यावर ते कापड उजेड परत फेकतं, आणि पलीकडच्या चेहऱ्यावर येणारा उजेड अडवतं. शेवटचं ‘सावधान’ झालं, अंतरपाट बाजूला झाला की एका क्षणात हिशेब बदलतो. त्या क्षणी टीटीएल गोंधळतो आणि नेमका हार घालतानाचा फोटो बिघडतो. म्हणून मुहूर्ताआधी, गुरुजी तयारी करत असतात तेव्हा, एखाद्या करवलीला मीटर धरून नवरीच्या जागी उभं कर, मग नवऱ्याच्या जागी. करवल्या हौसेने उभ्या राहतात. दोन्ही जागांचं रीडिंग अंतरपाट नाही असं धरून घे आणि दोन्हीत तीन दशांशापेक्षा जास्त फरक असेल तर फ्लॅश हलव. दोन फ्लॅश समोरासमोरच्या कोपऱ्यांत, माणसांच्या डोक्यावरून, हे मला सगळ्यात बरं वाटतं. एकदा लावलं की हार घालून होईपर्यंत कॅमेऱ्याच्या एकाही चाकाला हात लावू नकोस. पॉवर १/४ च्या वर चढवू नकोस. पूर्ण पॉवरवर साध्या सेलचा फ्लॅश भरायला काही सेकंद घेतो, आणि हार तेवढा थांबत नाही. उजेड कमी पडला तर आधीच आयएसओ वाढव.

डोंबिवलीच्या आसपासच्या गावांत आगऱ्यांच्या हळदीचं काम मिळालं तर मनापासून कर. घरासमोर मांडव, लग्नाची गाणी गाणाऱ्या धवलारणीचे धवले, मग बेंजो आणि रात्रभर नाच. मांडवाला पिवळा पडदा असला तर फ्लॅश त्यावर आपटून पिवळा होऊन येतो. मीटर रंग सांगत नाही, त्यामुळे आकडा बरोबर येऊनही चेहरे पिवळे येतील. फ्लॅश पडद्यापासून वळवून छत्रीत टाक. रंगीत एलईडी फिरत असतील तर ते बंद करायला सांगू नकोस, ती त्यांची रात्र आहे. अॅपर्चरचा आकडा आणि फ्लॅश वाढवून त्यांना मागे ढकल. आणि हळदीच्या हाताने डोमला कुणी हात लावणार नाही याची काळजी घे. प्लास्टिकवर हळदीचा डाग बसला की सहज जात नाही. डागाळलेला डोम उजेड गिळतो, आकडा कमी दाखवतो, आणि तू प्रत्येक फोटो जास्त उजळ करून बसतेस. पाकिटात मऊ कापड ठेव, मोजून झालं की डोम झाकून मीटर खिशात.

रिसेप्शनच्या ग्रुप फोटोत सगळे फ्लॅश स्टेजला चिकटवतात. असं करू नकोस. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. फ्लॅशच्या जवळचा माणूस ४ फुटांवर आणि टोकाचा ७ फुटांवर असेल तर दोघांत दीड स्टॉपहून जास्त फरक पडतो, काकू पांढऱ्याफटक आणि मामा अंधारात. तोच फ्लॅश ८ फूट मागे घे. आता दोघं १२ आणि १५ फुटांवर आले आणि फरक दोन तृतीयांश स्टॉपवर आला. जवळच्या माणसावरचा उजेड तीन स्टॉपहून जास्त घटेल, तेवढी पॉवर किंवा आयएसओ द्यावा लागेल. मोजताना डावं टोक, मधला माणूस, उजवं टोक, तिन्ही ठिकाणी जा.

प्री-वेडिंगसाठी ठाण्याला तलावपाळीवर संध्याकाळी जातेस, तिथे आधी फ्लॅश बंद ठेवून उजेड मोज. समज, आयएसओ ४०० आणि १/१२५ ला २.८ आलं. फ्लॅश ५.६ वर आण आणि ५.६ ला फोटो काढ. दोघांचे चेहरे बरोबर, आजूबाजूचा उजेड दोन स्टॉप खाली. फार अंधार वाटला तर शटर १/६० कर, तो एका स्टॉपने वर येईल आणि चेहरे जवळपास जिथल्या तिथे राहतील. अंधार पडताना दर पाच मिनिटांनी मोज. फक्त एक ध्यानात ठेव, मीटर जिथे धरलास तिथलाच उजेड तो सांगतो. तलावापलीकडचे दिवे आणि वरचं आभाळ त्याला कळत नाही. त्यासाठी कॅमेऱ्याचा हिस्टोग्राम बघ.

सरावाला डोंबिवलीचा फडके रोड आहेच. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा तिथे १९९९ पासून निघते. ऊन पाठीमागे असलं की नऊवारीतल्या मुलींचे चेहरे काळे पडतात. चेहऱ्यापाशी, कॅमेऱ्याकडे डोम करून, ५.६ आलं आणि फ्लॅशही एकटा ५.६ देत असला तर दोन्ही मिळून ८ होतं, उजेड दुप्पट म्हणजे एक स्टॉप. ऐन उन्हात अॅपर्चर उघडायचं म्हणून हायस्पीड सिंक लावलास तर साधे मीटर तो मोजू शकत नाहीत. सेकोनिकचा एल-८५८ मोजतो, पण तो महाग. त्यापेक्षा भिंगावर एनडी फिल्टर लाव आणि शटर सिंकच्या आत ठेव.

मीटर घ्यायला मुंबईच्या बोरा बाजारात गेलीस आणि सेकोनिकचा एल-३९८ स्वस्तात मिळाला तर भुलू नकोस. अमेरिकेत डॉन नॉरवूड यांनी १९४० च्या सुमारास अर्धगोल डोमचा मीटर आणला, त्याच घराण्यातला तो आहे, सेलशिवाय चालतो, देखणाही आहे, पण फ्लॅश मोजत नाही. एल-३०८ घे. एका पेन्सिल सेलवर चालतो आणि खिशात मावतो. मिनोल्टाचे जुने फ्लॅश मीटरही उत्तम, मात्र कंपनीने २००६ मध्ये कॅमेऱ्यांचा धंदा सोडला, त्यामुळे दुरुस्ती अवघड. जुना घेताना सेलची झाकणी उघडून आत हिरवट गंज नाही ना ते बघ. घरी आणल्यावर पांढरा टॉवेल टांग, फ्लॅश लाव, मीटर सांगेल त्या आकड्यावर फोटो काढ. टॉवेल पांढरा यायला हवा आणि त्याचे धागे दिसायला हवेत. धागे उडाले तर मीटरमध्ये दोन-तीन दशांशांची भरपाई दे आणि तो आकडा मीटरच्या पाठीवर चिकटवून ठेव. पावसाळ्यात कामं नसतील तेव्हा सेल काढून ठेव.